नवी हॉलोबॉडी गिटार, आज पाचवा दिवस: ठेवू की परत करू?

प्रेषक: लातूरवाला (पूर्वी रीडिंग)
प्रति: मंडळ-गप्पा

मंडळी, नमस्कार.

इंग्लंडातलं आपलं मंडळ सोडून दोन वर्षं झाली, वर्गणीही थकली आहे, तरी यादीतून माझं नाव कुणी काढलं नाही. त्याचा आज फायदा घेतो.

परत येताना जुनी गिटार आपल्या गणपतीच्या बँडला देऊन आलो, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन वर्षं कळ काढली आणि शेवटी हॉलोबॉडी मागवली. पूर्ण पोकळ, आत ठोकळा नाही, अंग मेपलच्या प्लायचं, दोन हंबकर (गुणगुण मारणारे पिकअप), तारा पेलणारी सुटी घोडी, मागं तारा अडकवायचा ट्रॅपीझ टेलपीस. ६२,००० रुपये. ऑनलाइनच घ्यावी लागली, लातुरात अशी गिटार हातात घेऊन बघायची सोय नाही. परतीची मुदत दहा दिवस.

आवाज म्हणाल तर काय सांगू. रात्री अॅम्प न लावता अंगणात वाजवत बसलो होतो, तर शेजारचे गुरुजी कठड्यावरून वाकून म्हणाले, "वाजवा, वाजवा, थांबू नका." जाड तारा अशा बोलतात की जणू कुणी रिकाम्या कणगीत तोंड घालून गातंय.

आता रडगाणं. फ्रेटांची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटांना टोचतात. जाड ई आणि ए तार पाचव्या फ्रेटच्या आसपास झणझणते. बारीक दोन तारा चौदाव्याच्या पुढं दबक्या वाजतात, पंधराव्यावर तार ओढून बेंड केलं की आवाज मरतो. व्हॉल्यूमचं एक बटण खरखरतं. अॅम्प लावला की गुणगुण, आणि अॅम्पच्या जवळ गेलो की ती चक्क हुंकारते. जी तार मोकळी छेडली की पोटात काहीतरी टिणटिणतं, ते कुठं हे सापडत नाही.

आई म्हणाली, "नवं घेऊन रिपेर करलालास व्हय? दे की वापस."

काय करू?

---

प्रेषक: धाकटा, मँचेस्टर

दादा, ठेव! सेटअपनं सगळं नीट होतं. कुठलीही नवी गिटार डब्यातून बरोबर निघत नाही. आणि हुंकारणं हा दोष नाही, तो पोकळ गिटारीचा स्वभाव आहे.

---

प्रेषक: खजिनदार

धाकट्याचे पैसे गेले नाहीत म्हणून तो "ठेव" म्हणतोय. माझं मत: परत कर, आजच. आमच्या जालन्यात मोंढ्यावर पोत्याला बंबी (टोकदार नळी) मारून आतलं धान्य बघितल्याशिवाय सौदा होत नाही. तू ६२,००० आधी मोजलेस आणि बंबी आता मारतोयस.

इथल्या, सदोष माल तीस दिवसांत परत करायच्या हक्कावर विसंबू नकोस, तो इथला. तिथं भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणून पत्रात "आवडली नाही" असं चुकूनही लिहू नकोस. "सदोष आहे" लिही आणि दोष दाखव. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू राहतोस त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरात असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

वर्गणीचं नंतर बघू.

---

प्रेषक: काका, लेस्टर

दोघेही गिटार न बघता निकाल देऊन मोकळे झाले.

लातूरवाल्या, पहिली गोष्ट: कानस हातात घेऊ नकोस. ट्रस रॉडलाही (मानेतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) पाना लावू नकोस. कानस लागली की ती गिटार तुझी झाली, मग खजिनदाराचे नियम घेऊन कुठंही जा. तुझ्याकडं पाच दिवस आहेत. तेवढ्यात फक्त मोजायचं, फिरवायचं काही नाही. स्क्रूनं सरळ होतं त्याची भीती नाही. लाकडात आणि सरसात बिघाड असेल तर गिटार ठेवायची नाही.

टोचणारी टोकं. बाबा रे, तू एप्रिलात लातूरला गिटार उघडलीस. फिंगरबोर्ड लाकडाचा, कोरड्या हवेत रुंदीला आकसतो. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत, म्हणून बाहेर डोकावतात. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एक हायग्रोमीटर आण आणि दुपारी चारला बघ. आणि गिटार कूलरच्या तोंडाशी ठेवू नकोस. कूलर चालू की दमट, लाइट गेली की ठणठणीत, हा हेलकावा लाकडाला सोसत नाही. टोकं घासायचीच झाली तर याच दिवसांत घासावीत, पावसाळ्यात फुगलेल्या बोर्डावर ती सापडत नाहीत. पण ते गिटार ठेवायचं ठरल्यावर.

पाचव्याजवळची झणझण. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लाव, शेवटच्या फ्रेटवर जाड ई दाब आणि सातव्या-आठव्यावर तार व फ्रेट यांच्यातली फट बघ. साधारण पाव मिलीमीटर हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. कोरड्या दिवसांत मान सरळ होते, कधी उलटी वाकते, आणि फट नाहीशी होते. ते ट्रस रॉडच्या पाव फेऱ्याचं काम.

गुणगुण. तारांना हात लावल्यावर कमी होते का? तीच गिटार आणि तोच अॅम्प दुसऱ्या घरी लावून बघ. जुन्या घरांत सॉकेटला भोकं तीन असतात, तिसऱ्यामागं अर्थिंग असेलच असं नाही. हंबकर गुणगुणला की मला आधी घराचा संशय येतो. हुंकाराबद्दल धाकटा बरोबर आहे. गिब्सन कंपनीनं १९३६ मध्ये ईएस-१५० ही पोकळ गिटार काढली तेव्हापासून ही खोड आहे, आणि १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये मधोमध लाकडी ठोकळा घातला तो मुख्यतः तिच्यासाठीच.

खरखर म्हणजे बहुधा धूळ. भरीव गिटारींना बहुधा उघडायला झाकण असतं, हॉलोबॉडीला नसतं. बटण बदलायचं तर सगळं जाळं दोऱ्याला बांधून एफ-होलमधून (पोटावरच्या एफच्या आकाराच्या भोकातून) बाहेर ओढायचं आणि तसंच परत बसवायचं. मी एकदा केलंय, दोन संध्याकाळी आणि बायकोशी एक भांडण. वॉरंटीत असताना तू करू नकोस.

टिणटिण. कुणाला तरी जी तार छेडायला लाव आणि तू एकेक वस्तू बोटानं दाबून धर: पिकगार्ड, खुंट्यांच्या चकत्या, घोडीच्या चकऱ्या, घोडी ते टेलपीसमधले तारांचे तुकडे, बटणांचे नट. दाबल्यावर थांबलं की चोर सापडला. कशानंच थांबलं नाही तर माठ घेताना टिचकी मारतो तशी पोटावर गोल फिरत टिचकी मार. एखाद्या जागी बद्द वाजलं तर आतली पट्टी सुटली असेल, आणि ते वाईट.

आता चौदाव्याच्या पुढचं. बाकी सगळ्यांपेक्षा मला याचीच काळजी वाटते. तुझ्या गिटारीची मान तिथंच अंगाला मिळते. स्टीलची सरळ पट्टी घे, तीन-तीन फ्रेटांवर ठेवत बाराव्यापासून शेवटापर्यंत जा. कुठं झुलते का? आणि घोडी किती खाली आहे ते बघ. घोडी तळाला टेकलेली, तारा तरी उंच, आणि सांध्यापाशी उंचवटा, असं असेल तर मला फोन कर.

---

प्रेषक: वहिनी, लीड्स (माहेर अंबाजोगाई)

काकांचं मेल छापून ठेवलं, हार्मोनियमलाही उपयोगी पडेल.

मला त्या झणझणीची गंमत वाटली. तंबोऱ्यात तोच आवाज यावा म्हणून आम्ही तास तास घालवतो. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद असते, तार एका बिंदूवर न सुटता पाठीला घासत सुटते, आणि खाली सुताचा जीव सरकवत तिचा नेमका कंप शोधायचा. तीच जवारी. तुझ्या गिटारीला नको तिथं जवारी लागली आहे.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तर गिटार मिरजेला का जाऊ नये? सतारमेकर गल्लीतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भोपळे आणि लाकूड हाताळतायत.

---

प्रेषक: काका, लेस्टर

वहिनी, टिणटिण शोधायला त्यांच्यासारखे कान नाहीत, कबूल. पण सतारीचे पडदे दोऱ्यानं दांडीला बांधलेले, कमानदार, हवे तसे सरकणारे. गिटारीचे फ्रेट लाकडाच्या चिरेत ठोकलेले. इथं एक फ्रेट केसभर उंच असला तरी पुढचे मुके होतात. कामं वेगळी आहेत.

---

प्रेषक: लातूरवाला (पूर्वी रीडिंग)
आज सातवा दिवस.

काका, सगळं मोजलं.

हायग्रोमीटर: दुपारी चारला १९, पहाटे ४१. घरात आईच्या टाचा फुटल्यात, माझे ओठ फुटलेत, मग फिंगरबोर्डानं काय पाप केलं?

सातव्यावरची फट जवळजवळ शून्य. कागदसुद्धा अडतो.

गुणगुण: गुरुजींच्या नव्या खोलीत नाही, आमच्या जुन्या खोलीत आहे. इलेक्ट्रिशियननं सॉकेट उघडलं तर तिसरी वायर कशालाच जोडलेली नव्हती. चाळीस वर्षं आम्ही त्यावर मिक्सर चालवतोय.

टिणटिण शोधायला भाची तार छेडत होती आणि मी एकेक वस्तू दाबत होतो. अर्धा तास गेला. चोर पोटात नव्हताच. ट्रस रॉडवरच्या प्लास्टिकच्या झाकणाचा स्क्रू ढिला होता. वर वाजत होतं आणि आम्ही पोट तपासत होतो.

खरखर आहे तशीच आहे.

आता पट्टी. सुताराकडून आणली, भाचीच्या कंपासमधली चालेना. बाराव्यापर्यंत गप्प बसते. पंधराव्यावर डोलते. सोळाव्यावरही थोडी. घोडी दोन्ही बाजूंनी तळाला टेकली आहे, चकरी आणखी खाली जात नाही, आणि बाराव्यावर जाड ई फ्रेटच्या २.८ मिलीमीटर वर. पुण्यातल्या एका कारागिराला फोटो पाठवले. म्हणाला, चौदाच्या पुढचे फ्रेट उताराला घासून ४,००० मध्ये वाजती करून देतो, पण सांधाच वर येत असेल तर वर्षभरात पुन्हा याल.

आणि खरं सांगू का, मला ती ठेवावीशी वाटतेय. रोज रात्री वाजवतो. बाराव्याच्या खाली तिच्यासारखी दुसरी नाही. तसंही मी पंधराव्यावर कितीदा जातो?

---

प्रेषक: काका, लेस्टर

हाच प्रश्न मला नको होता.

हीच गिटार कुणी जुन्या बाजारात दोनशे पौंडांना दिली असती, तर मीच म्हणालो असतो ठेव, आणि पुढचा महिना फ्रेट घासत बसलो असतो. तू नव्याचे पैसे दिलेस. टोकं, फट, गुणगुण, टिणटिण यातलं काहीही कारखान्याच्या माथी मारू नकोस, ते तुझ्या हवेचं, घराचं आणि एका स्क्रूचं आहे. खरखर फुटकळ. पण मानेचा कोन चुकला तर तो सोडवून पुन्हा बसवायला गिटारीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो, आणि चिकटवलेली मान प्लायच्या अंगातून काढायला चांगले कारागीर तयार होत नाहीत. घोडी आज, नवी असताना तळाला आहे. पावसाळ्यात लाकूड हललं तर खाली जायला जागा कुठंय?

ट्रॅपीझच्या बाजूनं मान आणि घोडी एका रेषेत दिसेल असा फोटो काढ. पट्टी डोलतानाचा व्हिडिओ काढ. मग परत कर. बदली गिटार मागू नकोस, पैसे माग. याच दिवसांत तोच माल त्याच तापलेल्या ट्रकमधून येईल. दुसरी घ्यायची तर मृग बरसून गेल्यावर घे.

---

प्रेषक: खजिनदार

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. (कारण चुकीचं होतं, ते मान्य.)

---

प्रेषक: लातूरवाला (पूर्वी रीडिंग)

नवव्या दिवशी विक्रेत्यानं मान्य केलं. व्हिडिओ बघून फार घासाघीस केली नाही. अट एकच: मूळ खोक्यात, मूळ फोमसकट पाठवा.

ते खोकं दुसऱ्याच दिवशी गायब झालं होतं. घर पालथं घातलं. शेवटी माळ्यावर सापडलं, भरलेलं. यंदाच्या गव्हाच्या कुरडया, एकीवर एक रचून, मध्ये जुन्या 'लोकमत'चे कागद. मान ठेवायच्या खाचेत सांडगे. आईचं म्हणणं, एवढं लांब, कोरडं आणि मुंग्या न शिरणारं खोकं तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय आणि ते ती देणार नाही.

तासभर बोलणी झाली. चौकातल्या किराणावाल्याकडून साबणाची चार खोकी आणली, त्यांना वास येतो म्हणून ती नापास झाली. मग बिस्किटांची आणली. आत्ता आई एकेक कुरडई उचलून तिकडं ठेवतेय आणि मी फोमच्या खाचांतून चुरा ब्रशनं झाडतोय. कुरिअरवाला सहाला येणार आहे.

---

प्रेषक: वहिनी, लीड्स

गिटारीचं बघू नंतर. मे महिन्यात इकडं कोण येतंय? अर्धा किलो कुरडया पाठवता येतील का?