एमजीबीचा सायलेन्सर: फक्त मागचा डबा बदलावा की संपूर्ण संच?

धंतोलीकर
नमस्कार. वडिलांकडून माझ्याकडे आलेल्या १९६७ च्या एमजीबी रोडस्टरचा (उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मागचा सायलेन्सर तळाच्या शिवणीपाशी कुजला आहे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवताच गंजाचे पापुद्रे निघतात. पुढचा डबा आणि मधला पाईप बाहेरून धड दिसतात. गाडी अधूनमधून, तीही नागपुरातल्या नागपुरात धंतोली ते अंबाझरी एवढीच फिरते. शहरातील एक फॅब्रिकेटर जाळीदार सरळ नळीचा स्टेनलेस डबा बनवून देण्यास तयार आहे, परंतु मला गाडीचा मूळ आवाज हरवू द्यायचा नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लोहापूल
धंतोलीकर, या कुजण्याचे कारण तुमच्या फेरीच्या अंतरात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी लांब पल्ल्याला गेली तर सगळी नळी तापते आणि वाफ बाहेर पडते. मात्र अंबाझरीपर्यंतच्या फेरीत मागचा डबा पुरेसा तापतच नाही, त्यामुळे वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. नागपूरचा उन्हाळा कितीही कडक असला तरी हे थांबत नाही. पुढचा डबाही आतून पातळ झालेला असू शकतो, म्हणून लाकडी मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला किंवा आत पत्रा खुळखुळला, तर संपूर्ण संच बदलणेच शहाणपणाचे.

तुमच्यासारख्या वापराला ३०४ प्रतीचे स्टेनलेस योग्य. ते साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते, म्हणून टांगण्याचे रबर नवे आणि लवचीक हवेत. सरळ नळीच्या डब्यात काचतंतूंचे भरण आवाज शोषते, तर मूळ पद्धतीच्या डब्यात आडपडदे व कप्पे आवाज परतवून दाबतात. सरळ नळी लावल्यास १,७९८ सीसीच्या या चार सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज वर्धा रोडवर एकसारख्या वेगात घुमू लागतो, आणि उघड्या गाडीत तो कानाला फार जाचतो. मूळ आवाज जपायचा असेल तर मूळ रचनेचाच डबा, फक्त स्टेनलेसमध्ये, घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

सेमिनरी_हिल्स
वरील मताशी सहमत आहे. बसवण्याविषयी थोडे लिहितो. मॅनिफोल्डखालच्या (मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांमधला धूर एकत्र करून पाईपात सोडणारा भाग) फ्लँजच्या, म्हणजे जोडकड्याच्या, नटांवर दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल टाकत राहा. घाईने पान्हा ओढलात तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा) तुटेल, आणि मग मॅनिफोल्डच उतरवावे लागेल. मागचा जुना पाईप करवतीने कापला तरी चालेल, पण नवा संच बसेपर्यंत तो फेकू नका, कारण लांबी आणि टांगणीची जागा त्यावरूनच ताडून पाहता येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नका, स्टँड हवेतच.

नवा संच आधी सैलसर जोडून टांगावा, मागचा अॅक्सल वर-खाली करून पाईप कुठे टेकतो का ते पाहावे, आणि त्यानंतरच पुढून मागे एकेक सांधा आवळत यावे. आधीच घट्ट केलेला संच वाकडा ताण घेतो आणि इंजिन हलले की ठोकतो. मॅनिफोल्डला पितळी नट वापरा, ते पुढच्या वेळी सहज सुटतात. पेट्रोलच्या टाकीजवळ, गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नका. पाईप उतरवूनच करून घ्या.

धंतोलीकर
दोघांचेही मनापासून आभार. आज डबा ठोकून पाहिला. पुढच्यातही पत्रा खुळखुळतो. त्यामुळे मूळ रचनेचा संपूर्ण स्टेनलेस संच घेण्याचे ठरवले आहे. गळती नेमकी कशी तपासावी?

सेमिनरी_हिल्स
इंजिन थंड असताना मोकळ्या जागेत सुरू करून, कुणाला तरी जाड कापडाने मागचे तोंड क्षणभर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक सांध्याशी फुसफुस ऐका. मॅनिफोल्डचा सांधा सर्वांत काळजीने तपासा, कारण तिथली गळती बसण्याच्या जागेत कार्बन मोनॉक्साइड आणू शकते. पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास येईल. तो निर्मितीच्या वेळी राहिलेल्या तेलाचा असतो.