फक्त आमच्याच घरात लाईट नाही, पण टेस्टर दोन्ही भोकांत पेटतोय. काय असेल?

बुधवार, रात्री ११.४०

मोबाईलला २६ टक्के उरलेत. थोडक्यात लिहायचं ठरवलंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही परभणीला, वसमत रोडच्या बाजूला राहतो. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. पाऊस कसला, नुसतं वावधान. समोरच्या लिंबाची फांदी वायरीवर घासत होती तेवढ्यात सगळ्या गल्लीची लाईट गेली. नऊला आली. सगळ्यांची आली, आमची नाही. समोरच्यांच्या टीव्हीचा आवाज इथपर्यंत येतोय आणि मी सासूबाईंना वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालतेय. हे ड्युटीवर नांदेडला. फोनवर एकच वाक्य, "एमसीबी वर कर की." चार वेळा केला. एकही बटन खाली पडलेलं नव्हतंच.

आता विचित्र भाग. सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर उजव्या भोकात पेटतो, डाव्या भोकातही पेटतो. म्हणजे लाईट आहे ना? मग पंखा का फिरत नाही? वीज कार्यालयात फोन लावला तर पलीकडून, "मॅडम, तुमच्या एरियात सप्लाय चालू दाखवतंय, घरातला फॉल्ट असंल, खासगी वायरमन बोलवा." वायरमन म्हणतो सकाळी येतो. त्याची सकाळ किती वाजता होते ते इथल्या लोकांना सांगायला नको.

शेजारचे काका म्हणाले, "न्यूट्रल गेलाय तुमचा. अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून देतो, दोन मिनिटांत लाईट." त्यांनी स्वतःच्या शेतात मोटारीला असं केलंय म्हणे. करू देऊ का? आणि फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन आहे, त्याचं काय करू?

लातूरचा वायरमन:
ताई, काकांना चहा द्या आणि घरी पाठवा. अर्थिंगला हात लावू देऊ नका. कारण नंतर सांगतो, आधी तीन गोष्टी बघा. इन्व्हर्टर आहे का? असेल तर तो पूर्ण बंद करून टेस्टर लावला होता का? नाहीतर टेस्टर इन्व्हर्टरची लाईट दाखवतो आणि माणूस रात्रभर चकतो. दुसरं, मीटरवर आकडे दिसतात का? बॅटरी मारून लांबूनच बघा, पेटी ओली असंल तर हात नको. तिसरं, घरातली सगळी बटनं बंद करा, फ्रिजची पिन काढा, मग त्याच सॉकेटमध्ये पुन्हा टेस्टर लावून दोन्ही भोकं सांगा. पायात कोरडी चप्पल हवी.

मोंढ्याजवळ:
आमच्याकडं असंच झालं होतं, अंगणातल्या बल्बच्या होल्डरमध्ये पाणी जाऊन ईएलसीबी (करंट गळला की आपोआप पडतो तो स्विच) पडत होता. सगळे एमसीबी खाली, ईएलसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याला पडला तो चोर.

धागाकर्ती:
मोंढ्याजवळ, काही पडलेलंच नाही हो आमच्याकडं, तेच तर.

वायरमनभाऊ, इन्व्हर्टर नाहीये आमच्याकडं. मीटर काळं ठिक्कर, आकडा नाही की लाल लाईट नाही. आणि सगळी बटनं बंद केल्यावर डाव्या भोकातला टेस्टर विझला! उजव्यात पेटतोय. बाथरूमच्या बल्बचं बटन दाबलं की डाव्यात परत पेटतो, बल्ब मात्र लागत नाही. हे काय भुताटकी आहे?

लातूरचा वायरमन:
भुताटकी नाही, न्यूट्रलच तुटलाय. तेवढं काकांचं बरोबर आहे.

लाईट फेजनं येते आणि काम करून न्यूट्रलनं परत जाते. तुमचा फेज शाबूत आहे. तो बल्बमधून पलीकडं जातो, पण पुढं परतीची वाट बंद, म्हणून डावी वायर पण फेजसारखी दिसायला लागते. बटन बंद केलं की बल्बमधून जाणारा रस्ता तुटतो आणि डावं भोक विझतं. म्हणूनच नुसता टेस्टर पेटला म्हणजे लाईट आहे असं समजू नये. टेस्टर फेज सांगतो, न्यूट्रलबद्दल काही सांगत नाही.

आता तुटलाय कुठं? मीटरच्या पुढं, घरात तुटला असता तर मीटर चालू दिसलं असतं. ते सुद्धा मेलंय, म्हणजे दोष पोल ते मीटर या टप्प्यात. तो खासगी वायरमनचा भागच नाही, पोलपासून मीटरच्या सीलपर्यंतचं काम लाईनमनचं. डीपीजवळ, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, न्यूट्रल तुटला असता तर गल्लीत गोंधळ झाला असता, कुणाकडं दिवे मंद तर कुणाकडं व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊन टीव्ही जळालेले. तसं काही नाही, एकटं तुमचंच घर आहे, तर पोलवरचा तुमच्या सर्व्हिस वायरचा जोड बघायला सांगा.

अर्थिंगचं म्हणाल तर शेतातली मोटार आणि घर यात फरक आहे. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी पडलेली असते. एका वळवानं वरची चार बोटं भिजतात, खाली खड्डा कोरडाच. त्या मातीत करंट नीट उतरत नाही. मग तो अर्थिंगच्या वायरीत साचून राहिल्यासारखा होतो, आणि तीच वायर तुमच्या प्रत्येक तीन पिनच्या प्लगमध्ये आहे. फ्रिजचं दार, कूलरचा पत्रा, गिझरचा नळ, सगळं जिवंत. ओल्या हातानं कूलरमध्ये पाणी ओतताना जी माणसं जातात, त्यांच्या घरी जाऊन आलोय मी. जास्त लिहीत नाही.

आत्ता मेन स्विच बंद करून ठेवा. १९१२ वर फोन करा, बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. "लाईट नाही" असं मोघम सांगू नका. "एकाच घराची तक्रार, मीटर बंद, फेज आहे पण न्यूट्रल नाही, पोलवर चढावं लागेल" हे शब्द वापरा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. किती तासांत दुरुस्ती व्हायला हवी हे वीज नियामक आयोगानं ठरवून दिलंय, उशीर झाला तर भरपाई मागता येते. पण ती मागायची तर हातात क्रमांक लागतो.

सिडकोतली नर्स:
इन्सुलिनबद्दल. चालू असलेली बाटली किंवा पेन फ्रिजबाहेर राहिलं तरी बहुतेक प्रकार साधारण चार आठवडे टिकतात, पण ते ३० अंशांखाली. मे महिन्यातली आपली खोली त्यात बसत नाही. डबा पिशवीत घट्ट बांधून कोऱ्या माठात ठेवा आणि माठाला ओला फडका गुंडाळा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. सीलबंद बाटल्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. उद्या डोसच्या आधी एकदा डॉक्टरांशी बोला.

गुरुवार, दुपारी १

सीलबंद दोन समोरच्यांच्या फ्रिजमध्ये, चालू बाटली रांजणाशेजारच्या माठात. साखर सकाळी नेहमीसारखीच आली. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी दूध असंच ठेवायचो, आता औषध ठेवायलेत."

१९१२ वर तुम्ही सांगितलेले शब्द जसेच्या तसे बोलले. पलीकडचा माणूस एकदम शांत झाला आणि "न्यूट्रल म्हणालात ना?" असं दोनदा विचारलं. क्रमांक मिळाला. खासगी वायरमनही उगवला सव्वाअकराला, मीटर बघून म्हणाला हे माझं काम नाही, आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

समोरचे म्हणतात आमच्याकडून वायर ओढा. ओढू का?

लातूरचा वायरमन:
तात्पुरता एक टेबल फॅन थेट त्या वायरीला लावा. तुमच्या बोर्डात उलटी लाईट घालायची नाही, कोणी कितीही हुशार असलं तरी. पोलवर चढलेल्या माणसाला खालून येणारी लाईट दिसत नसते.

शुक्रवार, सकाळी ९.३०

आली! काल संध्याकाळी पाचला लाईनमनदादा सायकलला शिडी बांधून आले. डीपीवरून लाईन बंद केली, वर चढले आणि वरूनच ओरडले, "ताई, हा बघा तुमचा न्यूट्रल." जोड नुसता वायरीवर टेकला होता. खाली आणून हातावर ठेवला तो तुकडा: ॲल्युमिनियमच्या तारा काळ्या पडून ठिसूळ झालेल्या, वरती पांढरी भुकटी, नखानं ओढलं तर तुटत होत्या. म्हणाले हा आज तुटलेला नाही, वर्षभर जळत आलाय, फांदीनं फक्त शेवटचा झटका दिला. तेव्हा आठवलं, हिवाळ्यापासून मिक्सर लावला की आमची ट्यूब मिचमिचायची. आम्ही दोन चोक बदलले त्यापायी.

जोड कापून, घासून, क्लॅम्प लावून नवा केला, वीस मिनिटांचं काम. फांदीही तोडली. पैसे घेतले नाहीत, माठातलं पाणी मात्र दोन तांबे प्यायले. माठात हात घालायच्या आधी सासूबाईंनी त्यांना थांबवलं, "त्यात नाही, त्यात माझं इन्सुलिन आहे, शेजारच्यातलं घ्या."

वायरमनभाऊ, आता एक शेवटचं. दादांनी जाता जाता अर्थिंगचा खड्डा बघितला, त्यात बाटलीची झाकणं आणि मुंग्या. म्हणाले पावसाळ्याआधी नवीन करून घ्या. काळ्या मातीत कोळसा-मीठ घालून जुन्या पद्धतीनं करावं, की तयार पाईपचं अर्थिंग मिळतं ते? परभणी-जिंतूर भागात कुणी या उन्हाळ्यात केलं असेल तर खर्च किती आला तेही सांगा. काकांना विचारणार नाहीये.