टेस्ट ऑप्शनल आणि टेस्ट ब्लाइंड एकच नव्हे

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा असते. 'एसएटी ऐच्छिक असेल तर गुण पाठवूच नका' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ 'टेस्ट ब्लाइंड' आहे, म्हणजे प्रवेश ठरवताना गुण बघतच नाही, तिथे पाठवून काही उपयोग नाही. ऐच्छिक म्हणणारी, म्हणजे 'टेस्ट ऑप्शनल' कॉलेजं मात्र पाठवलेले गुण वाचतात. त्यामुळे त्या कॉलेजच्या 'कॉमन डेटा सेट'मधला (कॉलेजने जाहीर केलेली प्रवेशाची वगैरे आकडेवारी) सी९ भाग उघडा. प्रवेश घेतलेल्यांचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे गुण तिथे मिळतात. या दोन्हींच्या मधल्या आकड्याच्या वर असाल तर नक्की पाठवा, २५ पर्सेंटाइलच्या खाली असाल तर नको. पण ऐच्छिक ठिकाणी बहुतेक चांगले गुणवालेच पाठवतात, म्हणून हे आकडे फुगलेले असतात. किती टक्क्यांनी पाठवले तेही तिथेच बघा. आणि नियम अर्जाच्या वर्षाचाच धरा: अमेरिकेतल्या एमआयटीने २०२२मध्ये गुण पाठवण्याची सक्ती परत आणली.