पात्यावर 'असदुल्ला इस्फहानी' लिहिलेली तलवार: खरी असेल का?

वाईकर७९:
मंडळी, वाड्याच्या वाटणीत एक तलवार आमच्याकडे आली. पातं चांगलंच वक्र. मूठ आपल्याकडची, वर गोल तबकडी, तिच्यात लाल खडे, बाकी सोन्याची वेलबुट्टी. पात्यावरची सोनेरी फारसी अक्षरं ओळखीच्या मौलवींनी 'अमल-ए-असदुल्ला इस्फहानी', म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाचं काम, अशी वाचली. चुलतभाऊ म्हणतो, इराणचा बादशाह शाह अब्बासचा लोहार, कोटींचा माल! घरच्यांना दसऱ्याआधी पितांबरीने घासून लख्ख करायचीय. काय करू?

लोहारआळी:
आधी ती पितांबरी काढून घ्या त्यांच्या हातातून.

नावाने हुरळू नका. असदुल्लाच्या नावाच्या तलवारींवरची सालं एका माणसाच्या हयातीत मावत नाहीत. नाव खपायचं, म्हणून इराणात काय नि हिंदुस्थानात काय, सर्रास घातलं जायचं. त्यापेक्षा पातं उजेडात तिरकं धरा. वाऱ्याने पाण्यावर उठावेत तसे बारीक तरंग दिसले तर तो जौहर, म्हणजे पोलादाची अंगचीच नक्षी, आणि माझ्या लेखी तो सहीपेक्षा मोलाचा. तसलं पोलाद मुशीत वितळवून आपल्या दक्षिणेत व्हायचं. निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला ते न्यायला इराणी व्यापारी येऊन मुक्काम ठोकायचे. घासलंत की जौहर दिसेनासा होतो, मग परत उठवायला जाणकार शोधत फिरा.

सोनं भिंगाखाली बघा, मुद्दाम जिथे उडालंय तिथेच. उभ्याआडव्या ओरखड्यांची जाळी दिसली तर कोफ्तगिरी: पोलाद खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकलेली. खोदलेली खोबण दिसली तर तहनिशान, ते जास्त कष्टाचं. दोन्ही नाही तर नुसता मुलामा.

मोडीवेडा:
मूठ आणि पातं एकाच वयाची धरू नका. लंडनच्या लिलावातून २०२५ साली राज्य सरकारने घेतलेली रघुजी भोसल्यांची तलवार बघा. पातं युरोपचं, आणि त्यावर सोन्यात देवनागरी लेख.

वाईकर७९:
भिंगाने पाहिलं. 'असदुल्ला'च्या लाम (ल) अक्षराजवळ सोनं गेलंय, तिथे जाळी स्पष्ट आहे. तरंग मात्र मुठीजवळ वीतभरच दिसतात, पुढे सगळं गुळगुळीत. खडे माणकंच ना?

लोहारआळी:
म्हणजे पुढचा भाग कोणीतरी आधीच घासलाय. असो, वीतभर उरलाय तो सांभाळा.
खडे फोटोवरून सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. माणिक, लाल (माणकासारखा दिसणारा स्पिनेल खडा), काच, सगळंच बसवत. कुंदनकामात खड्याखाली लाख असते, मूठही पात्यावर लाखेनेच बसवतात, तेव्हा गरम पाणी नको. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण ओली हळद-कुंकू पात्यावर नको, गंज तिथूनच धरतो. पाटावर वाहा. नंतर सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात, आणि म्यानात न घालता वेगळी ठेवा.
चुलतभावाला हेही सांगा: शंभर वर्षांपुढची असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी बाहेर पाठवता येणार नाही.