पॉयसाँ लावण्याआधी व्हेरियन्स बघा
‘मोजणीचा डेटा म्हणजे पॉयसाँ’ (ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडेल याची शक्यता सांगणारं संख्याशास्त्रातलं सूत्र) असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. पॉयसाँमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) सारखेच असतात, आणि ही तपासणीच नेमकी राहून जाते. उदाहरणार्थ, घोड्याच्या लाथेने मेलेल्या प्रशियन सैनिकांचा डेटा (१८७५ ते १८९४) घ्या. पाठ्यपुस्तकांत १० कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या), २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि १२२ मृत्यू असतात. सरासरी ०.६१, व्हेरियन्सही जवळपास ०.६१. शून्य मृत्यूंच्या नोंदी १०९, सूत्रानुसार १०८.७. फारच सुरेख जुळतं!

पण मूळ तक्त्यात कोअर १४ होते. चार वगळले, कारण त्यांची रचना वेगळी होती. ते धरले तर २८० नोंदींत १९६ मृत्यू, सरासरी ०.७० आणि व्हेरियन्स ०.७६. वेगवेगळे दर असलेले गट एकत्र केले की व्हेरियन्स असा फुगतो. इथे फुगवटा किरकोळ आहे. अपघात किंवा रुग्णसंख्येच्या डेटात व्हेरियन्स सरासरीच्या तिप्पटही असू शकतो. तेव्हा पॉयसाँने काढलेली प्रमाणत्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) खऱ्यापेक्षा सुमारे १.७ पट लहान येते आणि नसलेला परिणाम ‘सिद्ध’ होतो. अशा वेळी निगेटिव्ह बायनॉमियल (ज्यात व्हेरियन्स सरासरीपेक्षा जास्त असू शकतो असं सूत्र) वापरा.