मदत हवी आहे: रस्टमध्ये स्ट्रिंग आणि तिचेच स्लाइस एका स्ट्रक्टमध्ये कसे ठेवायचे?

मंडळी, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लॉग फाइलचा पार्सर (नोंदींचा मजकूर तोडून वाचणारा प्रोग्राम) लिहितोय. एकाच स्ट्रक्टमध्ये (अनेक मूल्यं एकत्र ठेवणारा प्रकार) पूर्ण मजकुराची स्ट्रिंग आणि त्यातल्याच शब्दांकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या स्लाइसचा व्हेक्टर (यादी) हवाय. फंक्शनमधून स्ट्रक्ट परत करताना बॉरो चेकर (उसने संदर्भ तपासणारा कंपायलरचा भाग) ई०५०५ ही एरर देतो: बॉरो (उसनवारी) चालू आहे, मूव्ह (मालकी दुसरीकडे देणं) करता येणार नाही. लाइफटाइम (संदर्भ किती काळ वैध, ते सांगणारी खूण) लिहिल्याने मूल्याचं आयुष्य वाढत नाही, नुसतं नातं कळतं, हे मान्य. पण ६४-बिट मशीनवर मूव्ह होताना स्ट्रिंगचे २४ बाइटच हलतात ना? पॉइंटर, लांबी, क्षमता. हीपवरचा (मेमरीतल्या वेगळ्या जागेतला) मजकूर जागचा हलत नाही. मग कंपायलरला नेमकी भीती कसली?

प्रत्येक शब्द क्लोन करणं (वेगळी प्रत काढणं) नको, फाइल अवाढव्य आहे. स्लाइसऐवजी सुरुवात-शेवटाचे इंडेक्स ठेवू, की मजकुराची मालकी मेन फंक्शनकडेच ठेवून स्ट्रक्टला मजकूर उसना देऊ? अनसेफ (कंपायलरच्या काही सुरक्षा तपासण्या टाळणारा कोड) कृपया सुचवू नका, रात्री झोप हवी आहे.