पहिली-दुसरीला वाचन शिकवायला वर्गात स्क्रीन हवी का?

वाचनपेटी (सातारा)

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत लोकवर्गणीतून टचस्क्रीनचा मोठा पॅनल घ्यायचं चाललंय. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि तो पहिली-दुसरीच्या वर्गात बसवायला माझा विरोध आहे. तिसरीपासून पुढे खुशाल वापरा. पण मूल अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला शिकतं त्या दोन वर्षांत पैसा आणि वेळ पुस्तकांवर, पाटीवर आणि बाईंनी एकेका मुलाजवळ बसण्यावर खर्च व्हावा.

आपल्याकडे हा काही पहिला प्रयोग नाही. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेची भारतातली पहिली शाळा आपल्याच रायगड जिल्ह्यातली, खैराटची. २००७ साली तिथल्या छोट्याशा शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, पेपरात फोटो आले. त्याच योजनेवर पेरू देशाने प्रचंड खर्च केला. २०१२ मध्ये तिथल्या ३०० हून अधिक ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर मुलांच्या भाषेत आणि गणितात काहीच फरक दिसला नाही. इकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर डिजिटल शाळांची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याचं उदाहरण तेव्हा सगळीकडे सांगितलं जायचं. गावोगावी वर्गणी निघाली, टीव्ही आले. पुढे कित्येक शाळांची वीज बिल थकलं म्हणून तोडली गेली.

पण विजेपेक्षा मला शिकवण्याची काळजी जास्त आहे. बाजारात मिळणारं बहुतेक साहित्य 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' असं गाण्यात म्हणून दाखवतं. मुलं ते तालात म्हणतात, पाहुण्यांना म्हणून दाखवतात, आणि 'नळ' लिहिलेलं पुढे ठेवलं की गप्प होतात. त्यांना क्रम पाठ झालेला असतो, वाचन आलेलं नसतं. याउलट अक्षरगटाने शिकवणाऱ्या बाई म, क, न आणि काना एवढंच घेतात, आणि थोड्याच दिवसांत मूल मामा, काका, नाक, कान, मका, काम असे शब्द स्वतः जुळवून वाचू लागतं. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी वाचनाचं जे काम उभं केलं, त्याचा आधार मुलाजवळ बसून त्याचं ऐकणारं माणूस हाच होता. मूल 'कान'चं 'काम' वाचतंय ते अक्षर ओळखता येत नाही म्हणून, की चित्र बघून अंदाज करतंय म्हणून, हे शेजारी बसलेल्या बाईंना कळतं.

द्विशिक्षकी (मोखाडा)

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण ते माझ्या शाळेत लागू पडत नाही. पहिली ते चौथी आणि शिक्षक दोन. त्यातले एक सर बैठकीला किंवा पंचायत समितीत गेले की चारही वर्ग माझ्याकडे. तुम्ही म्हणता तशी 'शेजारी बसणारी बाई' मी तिसरी-चौथीला भागाकार शिकवत असताना पहिलीच्या मुलांना कुठून देऊ? तो अर्धा तास ती मुलं नुसतं पाटीवर गिरवत बसायची. आता टीव्हीवर गोष्ट लागते. खाली मोठ्या अक्षरात ओळ येते, बोलला जाणारा शब्द रंगतो, आणि मुलं त्याबरोबर मोठ्याने वाचतात. मी मधूनमधून येऊन थांबवतो आणि विचारतो, "यात 'पाणी' कुठे लिहिलंय? पुढे येऊन दाखव."

पुस्तकांचं म्हणाल तर मला तीच हवी आहेत. पण तीस मुलांना एकदम दिसेल एवढं मोठं पुस्तक आमच्या शाळेत एकही नव्हतं. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घेतल्या की रेंज नसली तरी चालतं. त्या भिंतीवर मोठ्या करून दाखवल्या आणि ओळीखालून छडी फिरवली, की वर्गातल्या प्रत्येक मुलाचे डोळे एका वेळी एकाच शब्दावर असतात. गाणी वाजवणाऱ्या सीडीला माझाही विरोधच आहे. पण वाईट साहित्यामुळे साधन वाईट ठरत नाही.

आणखी एक सांगतो. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. डावीकडून वाचत येणारं मूल तिथे हमखास अडखळतं. स्क्रीनवर मी आधी 'क' आणतो, मुलं 'क्' म्हणतात, मग वेलांटी सरकत येऊन त्याच्या पुढ्यात उभी राहते आणि मुलं 'कि' म्हणतात. रफाराचंही तसंच, 'सूर्य'मधला र कुठून उडी मारून वर गेला ते डोळ्यांना दिसतं. छापील पानावर हे हलताना दाखवता येत नाही.

पालक_बारामती

माझा वाचनपेटींना पूर्ण पाठिंबा. घरी मोबाइल, दुकानात मोबाइल, आता शाळेतही तेच. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरलेली मुलं ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. एकदा हातात गेला की तो कशासाठी वापरला जातो ते यातून दिसतं. शाळा ही स्क्रीन नसलेली एकमेव जागा उरली होती, ती तरी राहू द्या.

आकडेवाला (पुणे)

बारामतीकर, तुम्ही दिलेले आकडे खरे आहेत, पण ते चौदा वर्षांच्या मुलांच्या हातातल्या फोनचे आहेत. इथे सहा वर्षांच्या मुलांसमोर शिक्षकांच्या ताब्यात असलेल्या टीव्हीची चर्चा चालू आहे. त्याच असर अहवालातला दुसरा आकडा या धाग्याला जास्त लागू आहे. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. म्हणजे सगळ्यात चांगल्या वर्षीही चारातली तीन मुलं मागे आहेत. ही बहुतांश पाटी-पुस्तकाच्या वर्गांतली मुलं आहेत. जुनी पद्धत चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी या आकड्याचं उत्तर द्यावं.

तंत्रज्ञानाने फरक पडल्याचा भक्कम पुरावाही आपल्याच देशातला आहे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक प्रणालीवर साडेचार महिने मुलांना शिकवलं, सोडत काढून गट पाडले आणि तुलना केली. गणितात आणि हिंदीत, दोन्हींत मुलं स्पष्टपणे पुढे गेली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण साधं होतं. यंत्र प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न देत होतं. सातवीत बसलेल्या पण चौथीच्या पातळीवर असलेल्या मुलाला चौथीचाच प्रश्न. चाळीसजणांच्या वर्गात शिक्षकांना हे जमवणं फार कठीण आहे.

वाचनपेटी

आकडेवाला, दिल्लीचा अभ्यास मीही बघितला आहे. ती मुलं सहावी ते नववीची होती, त्यांना अक्षरओळख होती. शिवाय ते शाळेबाहेरचं केंद्र होतं, आणि रोजच्या दीड तासातली पंचेचाळीस मिनिटं संगणक, तर उरलेली पंचेचाळीस मिनिटं लहान गटात शिकवणारं माणूस, अशी वाटणी होती. त्यावरून पहिलीच्या वर्गात भिंतीवर पॅनल लावायला आधार मिळत नाही. पॅनल तर सगळ्यांना एकच गोष्ट दाखवतो, म्हणजे 'प्रत्येकाला त्याच्या पातळीचं' हा त्या प्रणालीचा जीवच त्यात नाही. आणि मुलांना वयाऐवजी पातळीप्रमाणे बसवणं 'प्रथम' या संस्थेने कार्डं आणि गोष्टींचे तक्ते घेऊन गावोगावी केलंच आहे, त्याला वीज लागली नाही.

असरच्या आकड्यांनी मीही अस्वस्थ होते. पण ज्या वर्गांत चारातली तीन मुलं मागे राहिली तिथे पुस्तकं होती असं तुम्ही धरून चालला आहात. तिथे एक पाठ्यपुस्तक होतं. गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद, फाटली तर हिशेब कोण देणार म्हणून. पुस्तकांनी शिकवण्याचा प्रयोग आपण अजून मनापासून केलेलाच नाही.

स्वीडनचंही बघा. त्यांच्या शाळांत टॅब्लेट फार लवकर शिरले. चौथीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत २०१६ मध्ये ५५५ गुण होते, २०२१ मध्ये ५४४ झाले. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी वेगळा निधी काढला.

द्विशिक्षकी

स्वीडनमध्ये प्रत्येक मुलाच्या घरी पुस्तकं आहेत, गावात वाचनालय आहे. त्यांना स्क्रीन कमी करणं परवडतं, कारण ती काढल्यावर पुस्तक उरतं. माझ्या पाड्यावर ती काढली तर छापील अक्षर म्हणून बिस्किटाचा पुडा आणि निवडणुकीची भिंत उरते. आणि २०२१ ची ती चाचणी करोनाच्या काळातली, गुण बऱ्याच देशांचे घसरले होते.

करोनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर शाळेच्या अभ्यासाची 'टिलीमिली' ही मालिका लागायची. ज्या घरी टीव्ही होता तिथे आजूबाजूची मुलं गोळा व्हायची. मोबाइलवर येणारा अभ्यास मात्र आमच्याकडे मुलांपर्यंत पोहोचलाच नाही, फोन बापाबरोबर कामावर जायचा. म्हणून मी पालकांच्या फोनवर अवलंबून असलेल्या कशाच्याही बाजूने नाही. शाळेतलं, सगळ्यांच्या समोरचं, शिक्षकांच्या हातातलं साधन, एवढ्याचीच बाजू मी घेतो.

रविवारची_शाळा (न्यू जर्सी)

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत आम्ही पालकच शिकवतो, आठवड्यातून एकदा. मुलांच्या कानावर मराठी पडते ती आई-बाबांची आणि आजीच्या व्हिडिओ कॉलवरची. स्क्रीन नसेल तर आमच्याकडे वर्गच उभा राहत नाही, त्यामुळे तुमचा पहिली-दुसरीचा नियम आम्हाला लावू नका एवढीच विनंती.

उपयोगी पडलेली एक गोष्ट मात्र भारतातलीच आहे. तेव्हा अहमदाबादच्या आयआयएममध्ये असलेले ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून 'ज्या भाषेतलं गाणं त्याच भाषेतल्या ओळी खाली' ही कल्पना लावून धरली. १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर आणि पुढे हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत ती आली. शब्द ऐकू येतो त्याच क्षणी खाली रंगतो. गाणं आधीच पाठ असतं, त्यामुळे डोळे आपोआप अक्षरांवर जातात. आम्ही आरत्या आणि बडबडगीतं अशी दाखवतो. मराठी वाहिन्यांनी बालगीतं आणि भक्तिगीतं अशी दाखवायला घेतली तर एकाही शाळेला काही विकत घ्यावं लागणार नाही. यावर कुणी आग्रह का धरत नाही?

बोरू (नाशिक)

वाचनाबरोबर लिहिण्याचाही विचार करा. स्क्रीन आली की मागोमाग टायपिंग येतंच. मुलं रोमन अक्षरांत 'mulgi' दाबतात, खाली 'मुलगी' येतं, बोट लावलं की झालं. गी दीर्घ की ह्रस्व हे फोन ठरवतो. हाताने वळण काढताना मूल त्या अक्षराची घडण शिकतं, ते इथे पूर्ण गळतं. शिवाय पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श, तर बऱ्याच फोनवर हिंदी वळणाचा ल आणि श. २००९ साली शासनाने वर्णांची वळणं ठरवून दिली, पण मुलाच्या डोळ्यांपुढे रोज दुसरीच असतात. सहा वर्षांच्या मुलाला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात.

कळफलक

बोरूजी, दोष रोमनमधून टाइप करण्याचा आहे, टायपिंगचा नाही. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकवा. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'कि' लिहिताना आधी क दाबायचा, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. 'क्ष' हवा असेल तर क, हलन्त, ष. जोडाक्षर कशाचं बनलंय हे बोटांनाच कळतं. तिसरीपासून इन्स्क्रिप्टवर बसवलेल्या मुलांची जोडाक्षरं पक्की होतात असा माझा वर्गातला अनुभव आहे. ह्रस्व-दीर्घ तर ठरवावंच लागतं, कारण कळ वेगळी आहे. आणि पाकळीचा ल दाखवणारे मराठी फाँट आहेत, तक्ते आणि गोष्टी त्यात बनवा.

वाचनपेटी

कळफलक, तिसरीपासून म्हणत असाल तर माझी काहीच हरकत नाही. उलट रोमनच्या आधी इन्स्क्रिप्ट हे प्रत्येक शाळेने करावं.

द्विशिक्षकी सर, तुमच्या वर्गात मशीन गोष्ट दाखवतं आणि वाचन तुम्ही घेता. पुढे बोलावून शब्द शोधायला लावता. हे सगळीकडे होत असतं तर मी हा धागा काढला नसता. आमच्याकडे पॅनल विकायला आलेले लोक नेमकं उलट सांगतात, "लावून द्या, सर मोकळे." त्याला माझा विरोध आहे. प्रोजेक्टर आमच्याकडे आहे, त्यावर तुमच्यासारखं मोठं पुस्तक दाखवायला मी तयार आहे. नव्या पॅनलचे पैसे मात्र मी दोनशे-तीनशे गोष्टीच्या पुस्तकांसाठी मागणार, आणि ती उघड्या मांडणीवर राहतील, फाटली तर फाटू देत असा ठराव समितीत मांडणार.

एक प्रश्न. मुलाने मोठ्याने वाचायचं आणि ॲपने चूक दाखवायची, हे तुम्ही वापरता का? गूगलचं 'रीड अलाँग' (आधीचं नाव 'बोलो') मराठीत आलं तेव्हापासून शाळांच्या केंद्राच्या बैठकीत त्याचं नाव निघतं.

द्विशिक्षकी

वापरून पाहिलं, पहिली-दुसरीला बंद केलं. आमची मुलं घरी वारली बोलतात. छापील शब्द मूल बरोबर ओळखतं, पण आपल्या बोलीच्या वळणाने उच्चारतं. ॲपला ते कळतंच असं नाही, बरोबर वाचूनही कधी कधी चूक दाखवली जाते. दोनदा तसं झालं की मूल तोंडच उघडत नाही. ही जागा माणसाचीच आहे, यात तुमच्याशी माझा वाद नाही.

पण त्याच मोबाइलने दुसरं एक काम होतं, आणि म्हणून मी त्याला वर्गाबाहेर काढणार नाही. मुलांच्या आज्या वारलीत गोष्टी सांगतात, त्या मी रेकॉर्ड करतो. वर्गात ऐकवतो. मुलं सांगतात तशी एकेक ओळ फळ्यावर देवनागरीत लिहितो, आधी वारलीत, मग खाली मराठीत. मुलं चित्रं काढतात, मी फोटो घेऊन पानं जुळवतो आणि तालुक्याला गेलो की छापून आणतो. स्वतःच्या आजीचे शब्द कागदावर आलेले असल्यामुळे त्या वह्या वाचायला एकाही मुलाला सांगावं लागत नाही. ताई, तुमच्या मांडणीवर अशा वह्यांसाठी एक कप्पा ठेवा. माणदेशी बोलीत तुमच्याकडे गोष्टी सांगणारी माणसं असतीलच. रेकॉर्डिंग कसं करायचं, पानं कशी जुळवायची, ते हवं असेल तर मी इथेच सविस्तर लिहितो.